सोयऱ्यांचे बाकडे

गाडीच्या टपावर बांधलेली आरामखुर्ची पडद्यावर दिसली तेव्हा नाना चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट चहात पडले, विरघळले, तळाला जाऊन बसले, तरी नानांची दोन बोटे तशीच कपावर चिमटीत धरलेली राहिली.

खोली तशी साधीच होती. खिडक्यांना जाड पडदे, मधे लांब टेबल, एका भिंतीवर क्लिपा दाखवायचा पांढरा पडदा, आणि दाराशी कायम करकरणारा पंखा. रस्ता सुरक्षा कक्ष म्हणतात तो हाच. अपघात होऊन गेल्यावर रस्ता वाईट होता असे कुणीही सांगू शकतो. मयताला आलेले शेजारीसुद्धा सांगतात. या खोलीचे काम त्याच्या आधीचे होते. शहरातल्या चौकांवर उंच जागी कॅमेरे लावायचे आणि होता होता राहिलेले अपघात शोधायचे. कुणी शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला, कुणी उडी मारून मागे सरले, कुणी हँडल वळवून गटारात गेले पण वाचले. खोलीत त्यांना ‘हुकलेले’ म्हणत. जिथे हुकलेले फार, तिथे आज ना उद्या न हुकलेलाही होणार, असा सरळ हिशेब. ही पद्धत या शहरात नानांनी आणली होती. लोक आधी हसले होते. जे घडलेच नाही ते मोजणारा माणूस, म्हणून त्यांची चेष्टा होत असे.

प्रत्येक हुकलेल्याबद्दल तिघे परीक्षक दोन गोष्टी ठरवत. एक, तो किती गंभीर. दुसरी गोष्ट अवघड: तो रस्त्याच्या खाती टाकायचा की माणसाच्या. वळणच फसवे असेल तर रस्त्याच्या खाती. कुणी दारू पिऊन गाडी घातली असेल तर माणसाच्या. रस्त्याच्या खाती टाकायला तिघांचे एकमत लागे, आणि त्या खात्यावरच चौक दुरुस्तीला घेतला जाई. यंदा एकाच चौकाच्या दुरुस्तीपुरते पैसे उरले होते. पाण्याच्या टाकीचा चौक काठावर होता. ही क्लिप तिथलीच; ती रस्त्याच्या खाती पडली तर तो चौक आत, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

“हा बघा,” हवालदार म्हणाले, “खुर्ची डोक्यावर घेऊन निघालाय. सिंहासन मिरवतोय जणू.”

हवालदार म्हणजे वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेला गडी. वर्दी गेली, मिशी राहिली. तिसरी परीक्षक ही खोलीत सगळ्यात लहान, नुकतीच शिकून आलेली अभियंता. तिला सगळे धाकटी म्हणत. क्लिपा लावायचे बटण तिच्या हातात असे.

धाकटी हसली. मग पडद्यावर काय चालले आहे ते बघून तिचे हसू ओसरले.

गाडी वळणावरून आली. वेग फार नव्हता, पण कमीही झाला नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर एक बाई अर्ध्यात पोचली होती, हातात पिशवी. तिने गाडी पाहिली, क्षणभर पुढे की मागे असे तिचे झाले, आणि ती मागे उडाली. गाडी उशिरा, अगदी उशिरा, बाजूला वळली आणि तिच्या पदराला वारा देऊन निघून गेली. थोड्या अंतरावर गाडीचे मागचे लाल दिवे लागले. लागले आणि विझले. गाडी गेली.

क्लिप इथे थांबवायची असे. जवळात जवळचा क्षण होऊन गेला की यंत्र आकडा देते, पुढचे बघायचे कारण नसते. पण धाकटी काहीतरी टिपून घेत होती आणि तिचा हात बटणावर नव्हता, म्हणून क्लिप चालत राहिली. बाई उभी होती. मग ती होती तिथेच, रस्त्याच्या कडेला, बसली. बसली म्हणण्यापेक्षा तिचे पाय गळाले. तिची एक चप्पल पट्ट्यांवरच राहिली होती. मागून आलेला टेम्पो त्या चपलेवरून गेला. बाईने पिशवी छातीशी धरली होती, लेकरू धरावे तशी. मग एक बस आली आणि कॅमेऱ्याच्या आड उभी राहिली, आणि धाकटीला बटण आठवले.

पंखा तेवढा करकरत होता.

चेहरे आणि गाड्यांचे नंबर क्लिपांमध्ये पुसलेले असत. तरीही कधी कुणाला कुणी ओळखू येई. त्यासाठी या खोलीचा एक नियम होता, आणि तोही नानांनीच घातलेला. पूर्वी एका परीक्षकाने स्वतःच्या मेहुण्याचा ट्रक ओळखला आणि गुपचूप सौम्य शेरा मारला होता. ते उघडकीला आल्यावर नानांनी ठरवले: क्लिपेत ओळखीचे कुणी दिसले तर हात वर करायचा, बाहेर जायचे, आणि दाराबाहेरच्या बाकावर बसायचे. उरलेले दोघे निकाल लावतील. कोण होते, कसे ओळखीचे, कुणीही विचारायचे नाही. त्या बाकाला हवालदारांनी ‘सोयऱ्यांचं बाकडं’ असे नाव ठेवले होते. सगळे त्यावर कधी ना कधी बसून आले होते. हवालदारांचे सोयरेच इतके, की ते बाक त्यांच्या अंगाला बरोबर बसले होते. नाना मात्र त्यावर कधी बसले नव्हते.

आरामखुर्ची नानांची होती. तिची वेताची बैठक फाटली होती, ती विणून घेऊन ते परत आणत होते. खुर्चीचे चार पाय आभाळाकडे, दोरी खिडक्यांतून आत ओढून बांधलेली. असा वेडेपणा दुसरा कोण करणार.

नानांचा हात टेबलावर होता. तो वर करायचा एवढेच काम. त्यांनी हाताकडे पाहिले. हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा तिथेच पडून राहिला.

“अतिगंभीर,” हवालदार म्हणाले.

“अतिगंभीर,” धाकटी म्हणाली. “आणि माझ्या मते रस्त्याच्या खाती.”

“माझ्यापण. नाना?”

नानांनी चष्मा काढून पुसला. गंभीरपणाबद्दल वादच नव्हता, तो यंत्राचा आकडा होता. पण खाते त्यांच्या हातात होते. माणसाच्या खाती गेलेली क्लिप अहवालात छापली जात नसे. ती कपाटात जाई. रस्त्याच्या खाती गेलेली मात्र सभेत दाखवली जाई, वर्तमानपत्रवाले बघत, शहर बघे. आणि शहरात कुणाच्या तरी लक्षात ती खुर्ची असणार.

“माणसाच्या,” नाना म्हणाले.

धाकटीने वर पाहिले. “का हो?”

“का म्हणजे? दिवसाढवळ्या, कोरडा रस्ता, गर्दी नाही. पांढरे पट्टे ठळक आहेत. समोर बाई दिसत नाही? हा माणूस गाडी चालवायच्या लायकीचा नाही. याचं लक्षच नाही.” नानांचा आवाज चढला आणि तो चढतो आहे हे त्यांना ऐकू येत होते. “असल्या बेजबाबदार माणसाचं पाप आपण रस्त्याच्या माथी का मारायचं?”

नाना कधी कुणा चालकाला असे बोलत नसत. त्यांनी स्वतःला इतके सोलून काढले आणि ते करताना त्यांना बरे वाटले. खरे बोलून खोटे साधते, हे त्यांना या वयात नव्याने कळत होते.

“पण नाना,” धाकटी म्हणाली, “त्याचं लक्ष नव्हतं असं नाही. लक्ष वर होतं. तो दिशांचा मोठा फलक बघा, वळण संपतं तिथेच लावलाय. डावीकडे कुठलं गाव, उजवीकडे कुठलं गाव, बारीक अक्षरं. वाचायला मान वर करावीच लागते, आणि मान वर असताना खाली पट्टे येतात. तुम्हीच तर शिकवलंत, चूक माणूस करणारच, रस्त्याने तिची शिक्षा मोठी करू नये.”

“शिकवलं. म्हणून प्रत्येक गाढवाला—”

“गाढव नसेल हो तो. साधा कुणीतरी असेल, खुर्ची दुरुस्त करून घरी नेणारा. बायको असेल शेजारी. तिथे चांगला माणूससुद्धा चुकतो. मला तर वाटतं, घरी जाऊन बिचारा त्या रात्री झोपला नसेल.”

“झोपला असेल,” हवालदार म्हणाले. “छान झोपला असेल. जन्मभर पावत्या फाडल्यात मी. असले लोक चांगले घोरतात.”

नाना त्या रात्री नव्या विणलेल्या खुर्चीत बसून पुस्तक वाचत होते. वाचता वाचता डोळा लागला, बायकोने चष्मा काढून ठेवला. हवालदारांचे अगदी बरोबर होते. धाकटीचे चुकत होते, आणि तिचे ते चुकणे नानांना जास्त टोचले.

“बघू उद्या,” नाना म्हणाले. “सकाळी परत लावा. मी विचार करतो.”

त्यांनी कधीही असा विचार करायला वेळ मागितला नव्हता. हवालदारांनी धाकटीकडे पाहिले, धाकटीने कागद गोळा केले.

घरी बायको दिवसभराचे वाळलेले कपडे घडी घालत बसली होती. नाना आत आले, चप्पल काढली, आणि आरामखुर्चीला वळसा घालून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसले.

“तिकडे काय? खुर्ची चावते का?” बायको म्हणाली. “एवढी जीव टाकून विणून आणलीत.”

“कंबर धरलीय.”

“म्हणून स्टूल. बरंय.”

तिने दोन उशांचे अभ्रे घडी केले. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, “काय झालं ते सांगा. तुमची कंबर धरते तेव्हा तुम्ही वाकून चालता. आत्ता तोंड वाकडं आहे.”

नानांनी सांगितले. सांगताना बाईच्या चपलेशी आल्यावर ते थांबले आणि पुन्हा तिथूनच सुरू केले, जणू ती चप्पल उचलल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते.

बायकोच्या हातातला कपडा तसाच राहिला.

“बसली होती?”

“बसली म्हणजे... पाय गेले तिचे.”

“आणि कुणी आलं नाही?”

“बस आडवी आली. पुढचं आम्ही पाहिलं नाही.”

“मी म्हटलं होतं थांबा.”

“तू म्हणालीस?”

“अहो, दोनदा. तुम्ही ब्रेक दाबलात. मला वाटलं थांबताय. मग आरशात बघितलंत आणि म्हणालात, उभी आहे, काही झालं नाही. थांबलो तर दोरी सैल होईल.”

नानांना दोरी आठवत नव्हती. आरसा आठवत होता. आरशात बाई उभी होती. उभी आहे म्हणजे ठीक आहे, असे त्यांनी स्वतःला सांगितले होते. त्यानंतर त्यांना ती आठवलीच नव्हती. तिची आठवण यायलासुद्धा पडदा लागला.

“पण मी बघत कुठे होतो त्या वेळी?” नानांनी विचारले. त्यांना उत्तर ठाऊक होते. तरी कुणीतरी दुसऱ्याने सांगावे असे वाटले.

बायकोने त्यांच्याकडे असे पाहिले, जसे मुलाने शाळेतून खोटी सही आणल्यावर तिने एकदा पाहिले होते.

“फलकाकडे. तुम्ही मला तो फलक दाखवत होतात. अगं, हा बघ, म्हणालात. कुणी शहाण्याने इथे लावलाय. माणूस हा वाचत बसतो आणि खालच्या पट्ट्यांवर कोण आहे ते दिसतच नाही. बोट करून दाखवत होतात. स्टिअरिंगवर एकच हात होता तुमचा.”

“हो.”

“आणि ती बाई मागे उडी मारून वाचली, तेव्हा काय म्हणालात ते आठवतंय?”

नानांनी चष्मा काढून हातात घेतला.

“म्हणालात, बघ, हेच मी सांगत होतो.”

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. नानांनी उठून तो आवळला. तो आवळूनही ठिबकत राहिला, नेहमीसारखा, पण ते नळाशीच पाठमोरे उभे राहिले. ‘हेच मी सांगत होतो.’ त्यात समाधान होते. आता ते त्यांना स्पष्ट आठवले: आपले म्हणणे बरोबर निघाल्याची ती छोटी उबदार जाणीव, परीक्षेत पहिले आल्यासारखी. त्या जाणिवेत ते पुढच्या सिग्नलपर्यंत फलकांच्या उंचीबद्दल बोलत गेले होते.

धाकटी म्हणाली होती, चांगला माणूससुद्धा तिथे चुकतो. ते खरे होते, पण ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी. साऱ्या शहरात ज्याला ते वळण, तो फलक आणि ते पट्टे तोंडपाठ होते, असा एकच माणूस होता, आणि तोच त्या बाईच्या अंगावर गेला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातही ब्रह्मज्ञान सांगता सांगताच पाषाण अंगावर घालणारा विरळा.

“मग तू नंतर काही बोलली का नाहीस?” त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारले. आपण तिच्यावर काहीतरी ढकलू पाहतो आहोत हे बोलल्यावर त्यांच्या लक्षात आले.

“काय बोलायचं?” बायको म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, हेच वाईट होते. “माझ्याही बाजूला दार होतं की. मीही उतरले नाही.”

ती पुन्हा घडी घालू लागली. बराच वेळ ती एकाच टॉवेलची घडी घालत आणि मोडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने क्लिप लावली. खुर्ची पडद्यावर आली. या वेळी हवालदार हसले नाहीत, आदल्या दिवशीचा ताण त्यांनाही लागला होता.

नानांनी हात वर केला.

धाकटीने चटकन क्लिप थांबवली. पडद्यावर बाई पट्ट्यांच्या मधोमध, एक पाय उचललेला, तशीच राहिली. नाना उठले, खुर्ची मागे सरकवताना पाय अडकला, सावरले, आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. दार बंद झाले.

बाकडे थंड होते आणि थोडे डुगडुगत होते. मागे भिंतीवर पिवळा रंग, त्यावर डोकी टेकून टेकून पडलेला तेलकट डाग. हवालदारांचा बहुतेक. नानांनी डोके टेकले नाही. आत काय चालले असेल ते त्यांना ठाऊक होते: दोघांचे एकमत, रस्त्याच्या खाती, चौक आत. हवे होते ते झाले. आपण हात वर केला, नियम पाळला, आता कुणी विचारणार नाही. नियम आपणच घातला होता आणि किती दयाळू घातला होता, असे त्यांना वाटले, आणि त्या दयेची शिसारी आली.

दार उघडले. हवालदार पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले आणि शेजारी बसले. बाक त्यांच्या बाजूला कलले.

“विचारायचं नाही, मला माहीत आहे,” हवालदार हळू म्हणाले. “विचारत नाहीच आहे. पण काल तुम्ही जे बोललात ते आम्ही समजू शकतो नाना. आपल्या घरातल्या बाईच्या अंगावर कुणी गाडी घातली असती तर मीही असाच बोललो असतो. गाढव काय, त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.”

नानांना आधी उलगडा झाला नाही. मग झाला.

“धाकटी आत रडवेली झालीय,” हवालदार पुढे म्हणाले. “म्हणते, मी त्या गाडीवाल्याची बाजू घेत होते आणि नानांना काय वाटलं असेल. बहीण का तुमची? नाही, सांगू नका. पाणी प्या.”

नानांनी पेला घेतला. पाणी प्यायले. पाणी घशाखाली जाईपर्यंत त्यांच्याजवळ वेळ होता, आणि तेवढ्या वेळात त्यांना सगळी वाट दिसली. काही बोलायचे नाही. खोटेसुद्धा बोलायचे नाही. मान किंचित हलवायची, किंवा तीही नाही. नियमच म्हणतो, विचारू नका. आत गेल्यावर धाकटी त्यांच्यासाठी चहा मागवील. त्या बाईचे दुःखही ते असे फुकटात घेऊन जातील.

“हवालदार, आत चला,” नाना म्हणाले.

आत धाकटी खरेच डोळे पुसत होती. त्यांना बघून ती उभी राहिली. “नाना, मी काल—”

“बस. तुझं काही चुकलं नाही. माझी ओळख बाईशी नाही, गाडीवाल्याशी आहे.”

हवालदारांच्या चेहऱ्यावर सोयऱ्यांबद्दलची जुनी सहानुभूती आली. “असतं हो असं. माझा पुतण्या—”

“गाडी माझी. खुर्चीही माझीच. चालवत मीच होतो.”

पंखा करकरला. नाना टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे होते, पोरगा फळ्यापाशी उभा राहतो तसे.

“आणि वर का बघत होतो, तेही ऐका,” ते म्हणाले. “फलक वाचत नव्हतो. तो किती चुकीच्या जागी लावलाय ते बायकोला समजावून सांगत होतो.”

हवालदारांच्या तोंडून हसू फुटले. ते त्यांना आवरले नाही. त्यांनी मिशीवर हात दाबला, मान खाली घातली, तरी खांदे हलत होते. नानांना वाटले होते की कुणी रागावेल. हसण्याची तयारी त्यांनी केली नव्हती. त्यांचे कान तापले आणि तापतच राहिले.

“माफ करा,” हवालदार म्हणाले. “पण... माफ करा.”

धाकटी हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती, उचललेल्या पायाकडे. काल ज्याच्यासाठी ती भांडली तो साधा कुणीतरी आता तिच्यासमोर उभा होता, आणि तिला त्याच्याकडे बघता येत नव्हते. ती कधी नाही ते अवघडून बोलली.

“मग ही रस्त्याच्या खाती कशी टाकायची? तुम्हाला तर सगळं माहीत होतं.”

“म्हणूनच टाका. ज्याला सगळं माहीत होतं तोही वरच बघत राहिला. फलक तिथून हलायलाच हवा. तुम्ही दोघांनी दिलेला निकाल बरोबर आहे, तो बदलू नका.”

“सभेत क्लिप दाखवावी लागेल.”

“दाखवा.”

“खुर्ची ओळखतील लोक.”

“मीच सांगेन, माझी आहे म्हणून.”

धाकटीने मान हलवली. मग तिने आणखी एक प्रश्न विचारला. हळूच विचारला, पण विचारला. “आणि दिवे लागले होते मागचे. लागून विझले. थांबला नाहीत, ते कुठल्या खाती?”

नानांनी उत्तर शोधले. इतकी वर्षे त्यांनी पद्धत बारीक करत नेली होती: वेग, अंतर, उरलेला वेळ, कोन, दृष्टीचा अडथळा. जवळात जवळच्या क्षणापर्यंत सगळ्याला जागा होती. त्या क्षणानंतर क्लिपच थांबत असे.

“त्याला आपल्याकडे खातं नाही,” ते म्हणाले.

हवालदारांनी मिशीवरचा हात काढला.

“पुढची लावू?” धाकटीने विचारले.

“नको. हीच पुन्हा लाव. बसच्या पुढे जाऊ दे.”

ती बसली आणि तिने बटण दाबले. खुर्ची आली, गेली. लाल दिवे लागले, विझले. नाना उभेच होते. बाईचे पाय गळाले, टेम्पो चपलेवरून गेला, बस आडवी आली. बसमध्ये माणसे चढत राहिली, उतरत राहिली. उतरलेल्यांपैकी कुणी वाकून तिच्याशी बोलले का, ते बसच्या आड दिसत नव्हते. मग बस हलली.

बाई अजून तिथेच होती, एकटी. तिने एका हाताने जमिनीला रेटा दिला, जमले नाही, पुन्हा दिला, उठली. रस्ता मोकळा होईपर्यंत थांबली. कितीतरी गाड्या गेल्या, मधे पुरेशी जागा होती तरी ती थांबूनच राहिली. मग घाईघाईने पट्ट्यांवर गेली आणि चप्पल उचलली. चपलेचा पट्टा तुटला होता. ती हातातच धरून तिने पलीकडे पाहिले, जिथे तिला जायचे होते.

आणि ती वळली. एक पाय अनवाणी, पिशवी छातीशी, ती आली होती त्या वाटेने परत निघाली, आणि हळूहळू पडद्याच्या कडेतून बाहेर गेली.

रिकाम्या पट्ट्यांवरून क्लिप चालत राहिली. धाकटीचे बोट बटणावर होते, पण तिने ते दाबले नाही.